ऊठ, पळ, वळ, गाठ

२० नोव्हेंबर, गुरुवार

या वहीत सव्वीस वर्षं पोरींच्या पळण्याच्या नोंदी केल्या. कोण किती मिनिटं टिकली, कोण खांबाजवळ घसरली, कोणाच्या घरून सरावाला पाठवत नाहीत. आजपासून उरलेल्या पानांवर माझ्याच नोंदी होतील, कारण पोरी आता माझ्या राहिल्या नाहीत.

काल बाणाई क्रीडा मंडळाची बैठक झाली. आमच्या अणदूरच्या महिला खो-खो संघाचं प्रशिक्षकपद सोनालीला दिलं. सोनाली म्हणजे सोनी, माझीच विद्यार्थिनी. तिच्या वडिलांनी तिचा खेळ बंद केला तेव्हा त्यांच्या ओट्यावर चार संध्याकाळी ठाण मांडून बसलेला माणूस मी. काल ती मान खाली घालून बसली होती. अध्यक्ष म्हणाले, गौरीशंकर सर आता आपले मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे ज्याला हार घालतात आणि विचारत काहीच नाहीत तो. मी "आनंद आहे" म्हणालो आणि उठलो.

घरी येऊन महादेवीला सांगितलं की यापुढं मैदानात पाऊल टाकणार नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, बायकोनं निदान 'अरेरे' म्हणायला हरकत नव्हती. ती म्हणाली, "बरं. मग सकाळी मोकळेच हाय की. दळण आणत जावा."

२३ नोव्हेंबर, रविवार

सवयीनं पाचला जाग आली. बूट घालून तासभर खाटेवर बसलो, मग काढून ठेवले.

देव सध्या नळदुर्गला आहे. आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. पूर्वापार ठरलेलं आहे, त्यात कोणाचा राग-लोभ नाही. महादेवी भाकरी थापता थापता म्हणाली की देव बी पावणेदोन महिन्यांनी माघारी येतो, तुमचं रुसणं किती दिवसांचं तेवढं सांगा, म्हणजे तसा स्वयंपाक करायला. मी रुसलेलो नाही. निवृत्त झालो आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण भाकरी थापणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पँट कमरेत आवळते म्हणून खाजामियाँच्या दुकानात गेलो. खाजामियाँ माझे मित्र. बाणाईच्या पोरींचे कपडे वीस वर्षं तेच शिवतात. त्यांनी माझी कमर मोजली, दहा दिवसांतली प्रगती पाहिली आणि काही बोलले नाहीत. भला माणूस.

दुकानात त्यांची नात तबस्सुम बसली होती. कॉलेजात आहे, पण सध्या कॉलेजपेक्षा रॅपमध्ये जास्त आहे. बाणाई संघावर तिनं रॅप केलं आहे. आधी हलगी वाजते, मग ही पोरगी कोणाशी तरी भांडायला उठल्यासारखी बोलत सुटते:

नळाला पाणी आठव्या दिवशी, घामाचा नळ रोज हाय,
अणदूरच्या पोरीपुढं तुमची काय पोज हाय?
ऊठ! पळ! वळ! गाठ!
बाणाई आली, सोडा वाट!

चार शब्द, चार टाळ्या. याला गाणं म्हणत असतील तर आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरवर रोज मैफल होते. मी बंद करायला सांगितलं. खाजामियाँ म्हणाले, मास्तर, पुरं तर ऐका, दुसऱ्या कडव्यात मजा आहे. एकाच कडव्यानं माझं पोट भरलं होतं. आणि पँटही आवळत होती.

३ डिसेंबर, बुधवार

आज एक चांगली गोष्ट घडली. चहा पिताना महादेवीनं आपणहून विचारलं, पळणारीनं हुलकावणी दिली तर बसलेल्या पोरीनं तिच्या पायाकडं बघायचं की खांद्याकडं?

मी कप खाली ठेवला. छत्तीस वर्षं या बाईला खो-खो आणि खोकला यांत फरक वाटत नव्हता. मी सविस्तर सांगितलं: कमरेकडं बघायचं, कारण पाय खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, कंबर कधी खोटं बोलत नाही. तिनं मला सावकाश पुन्हा सांगायला लावलं आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानावर लिहूनही घेतलं. विसरायला होतं म्हणे. माणसाला उतारवयातही नवी गोडी लागू शकते, याचा आनंद वाटला.

९ डिसेंबर, मंगळवार

दाढी करताना कापलं. मी ते चार शब्दांचं गाणं गुणगुणत होतो, असं महादेवीचं म्हणणं. मी घसा साफ करत होतो. तो साफ करताना चार ठोके आले तर माझा इलाज नाही.

ते गाणं आता चहाच्या टपरीवर आहे, जीपवाल्यांच्या गाड्यांत आहे, कंपाउंडरच्या मोबाइलची रिंग तेच आहे. काल त्यानं मला इंजेक्शन दिलं ते 'गाठ' या शब्दावर.

महादेवीचे प्रश्न रोज चालू आहेत. आजचा: भुवनेश्वरी खांबावर सूर मारायला कचरते, तिला काय सांगावं? भुवनेश्वरी म्हणजे संघाची कर्णधार, पाच वर्षं माझ्या हाताखाली खेळलेली. मी म्हणालो, तिला काही सांगायचं नाही. तिच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी सूर मारायला लावायचं, ती चिडून आपोआप मारेल. महादेवीनं तेही लिहून घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार

शंभू गुरवाकडं भजन होतं. टाळ वाटताना त्यानं मला नेहमीप्रमाणं वगळलं आणि प्रसादाचं ताट माझ्या हातात दिलं. माझा उजवा खांदा दुखतो म्हणून लोक काळजी घेतात. घरी आरतीलाही महादेवी मला टाळ्या वाजवू देत नाही. देवापुढं निरांजन धरणारा हात स्थिर पाहिजे आणि तो माझाच आहे, असं ती म्हणते. शाळेत मास्तर असताना लेझीम बसवली की मुख्याध्यापक मला सगळ्यात मागं उभं करायचे, सगळ्यांवर नजर राहावी म्हणून. नेतृत्वगुण लपत नाहीत.

नाताळाच्या सुट्टीत भूमला राज्य पातळीची निमंत्रित स्पर्धा आहे. बाणाईला बोलावणं आलं. सोनी म्हणे सरावातही तेच गाणं लावते. पोरींचा वेग वाढला, असं महादेवी म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. मी म्हटलं, गाण्यावर बैल पळतात, खो-खो डोक्यानं खेळतात. हे मात्र तिनं लिहून घेतलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

भूमचा खवा नावाजलेला आहे. पौर्णिमेला गुलाबजाम करावेत असं मीच सुचवलं आणि खवा भूमचाच हवा असंही सुचवलं. महादेवी म्हणाली, नळदुर्गला मिळतो की. मी तिला नळदुर्गचा खवा आणि भूमचा खवा यांतला फरक समजावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तीन दिवसांचे कपडे पिशवीत भरून दिले. खव्याला तीन दिवस कशाला, असं मी विचारणार होतो, पण नाही विचारलं.

खाजामियाँचे साडू भूमला राहतात. त्यांच्याकडंच उतरणार आहोत.

२६ डिसेंबर, शुक्रवार. भूम

जीपमध्ये मी मागं होतो, दोन्ही बाजूंनी संघाच्या कपड्यांची गाठोडी. ड्रायव्हरनं ते गाणं लावलं. बंद कर म्हणायला गाठोड्यांतून तोंड बाहेर निघेना. त्यामुळं दुसरं कडवं ऐकावं लागलं.

सव्वीस वरसं उन्हामधी ज्यानं आमाला पळविलं,
पडलो तवा न्हाय उचललं, उठायचं शिकविलं;
शिट्टी त्याची गप हाय आज, कानात मात्र वाजती,
ऊठ म्हणल्यावर उठतो आमी, ती सवय त्याची लागती!

पुढची दोन गावं मी खिडकीकडं तोंड करून होतो. डोळ्यांत धूळ गेली. काचा बंद होत्या हे खरं आहे, पण धूळ कुठूनही येते. पुढं बसलेल्या खाजामियाँनी मागं न बघता रुमाल दिला आणि म्हणाले, "महिन्यापासून सांगतोय मास्तर, पुरं ऐका म्हणून."

दुपारी सामना झाला. मी मैदानाबाहेर लिंबाच्या झाडामागून पाहिला. पाहिला म्हणजे नजर गेली. पोरी जिंकल्या. भुवनेश्वरीनं खांबावर असा सूर मारला की मी झाडालाच टाळी दिली.

खव्याची चौकशी उद्या.

२७ डिसेंबर, शनिवार. भूम

आज तिसऱ्या रांगेत बसलो, झाडामागून ऊन लागत होतं.

एक गोष्ट या वयात कळली. प्रशिक्षकाला ओरडता येत नाही. सव्वीस वर्षं दात आवळून, हाताची घडी घालून उभा राहिलो. प्रेक्षकाला कसलं बंधन नाही. त्यानं बोंब ठोकावी, पंचाला चष्म्याचा नंबर विचारावा, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारावी. आज मी हे तिन्ही केलं. तो अनोळखी माणूस दुसऱ्या संघाचा निघाला, तरी त्यानं मला भेळ दिली.

आपल्या गावाहून टेम्पो भरून लोक आले आहेत. सगळ्यांच्या तोंडाला भंडारा. कोणी तरी माझ्याही गालांना हळद फासली. खाजामियाँच्या पांढऱ्या दाढीवर मूठभर उडाली, तर म्हणतात, चला, यंदा मेंदी लावायला नको. तबस्सुम दोरीशी माइक घेऊन उभी होती. आणि चारशे माणसं एका आवाजात: ऊठ, पळ, वळ, गाठ. मी पण. घसा साफ करत नव्हतो, म्हणत होतो. लिहून टाकतो, वही काही कोणी वाचत नाही.

उपांत्य सामना जिंकलो. उद्या चार वाजता सांगलीकडच्या संघाशी अंतिम. सोनी एकदा गर्दीकडं बघत होती. मी भेळेचा कागद तोंडासमोर धरला. महिना झाला तरी तिनं माझ्या घरची पायरी चढली नाही, मग मी का म्हणून आधी बघावं?

२८ डिसेंबर, रविवार. भूम

अक्षर कसं येतंय त्याची आज पर्वा नाही.

आज दोरीला लागून पहिल्या रांगेत होतो. त्यांनी दोन्ही डावांत मिळून आमच्या अकरा पोरी बाद केल्या. आम्ही पहिल्या डावात त्यांच्या फक्त चार. आमच्या आक्रमणाची शेवटची नऊ मिनिटं उरली होती. त्यांत आठ बाद केल्या तर करंडक अणदूरला.

पण तीन मिनिटं गेली आणि एकच बाद झाली. पोरी तुफान पळत होत्या, तरी त्यांची ती उंच, सडपातळ पळणारी दर वेळी क्षणभर आधीच निसटत होती. लोक आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. मी तिच्या कमरेकडं पाहिलं, कंबर खोटं बोलत नाही. मग सहज तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

आमच्या पोरी ठेक्यावर खो देत होत्या. महिनाभर त्याच गाण्यावर सराव केला, ते पायांत भिनलं होतं. 'गाठ' आलं की खो, पुन्हा 'गाठ' आलं की खो. आणि हा ठेका आम्हीच, चारशे माणसं, घसा फोडून त्या सांगलीच्या पोरीला पुरवत होतो. आम्ही आमच्याच पोरींना हरवत होतो.

मी तबस्सुमकडं पळालो. चुन्याच्या रेषेच्या आतून एखाद-दुसरं पाऊल पडलं असेल, मोजलं नाही. तिला सांगितलं, गाणं थांबव. तिनं लगेच थांबवलं, पोरगी हुशार. पण लोक कुठले थांबतात? त्यांना वाटलं, आता आपली पाळी. माइकशिवाय दुप्पट जोर लावला. तिकडं सोनीच्याही ध्यानात आलं असावं, तिनं दोन्ही हात वर करून शांत राहा अशी खूण केली. आपल्या लोकांना वाटलं, आणखी जोर लावा म्हणते. त्यांनी टेम्पोचे पत्रे बडवायला सुरुवात केली.

तेव्हा सोनीनं मला पाहिलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. तिनं आधी माझ्याकडं बोट केलं, मग माइककडं, आणि दोन हातांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. तबस्सुम एकदम हसली. तिनं माइक माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "सर, तुमी म्हणा. टाळ्या बी तुमीच वाजवा. लोक तुमच्या मागं येत्याल."

आणीबाणीत अनुभवी माणूस लागतो, हे दोघींनी ओळखलं. मी माइक काखेत धरला आणि सुरू झालो. ऊठ! पळ! वळ! मध्ये दम लागला म्हणून जरा थांबलो. गाठ! पुन्हा ऊठ! सव्वीस वर्षं आत दाबलेलं सगळं बाहेर आलं. खणखणीत टाळ्या, एकही चुकवली नाही. लोक मला धरायला धडपडत होते, पण इतक्या पक्क्या तालाची त्यांना सवय नसावी. उजवीकडचे एकीकडं गेले, डावीकडचे दुसरीकडं, पत्रे बडवणारे तिसरीकडं. कोणाची टाळी कोणाला मिळेना. खाजामियाँ खाली बसून पोट धरून रडत होते. भावुक माणूस.

आणि मैदानात त्या उंच पोरीचे ओठ थांबले. आमच्या पोरींना आता कानांचा आधार राहिला नाही, त्यांनी डोळे उघडले. भुवनेश्वरीनं तिच्या कमरेकडं पाहिलं आणि भलत्याच वेळी खो दिला. बाद. मग तिसरी, मग चौथी. मी थांबलोच नाही. सातवी बाद झाली तेव्हा वीस सेकंद उरले होते. आठवीला भुवनेश्वरीनं खांबावरून सूर मारून टिपलं तेव्हा मी अजून 'वळ'वर होतो.

नंतर काय झालं ते नीट आठवत नाही. कोणी तरी मला खांद्यावर घेतलं, कोणी तरी माझा एक बूट नेला. सोनी आली आणि पायाला हात लावायला वाकली. मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण आवाज पार गेला होता, नुसती हवा आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात भंडाऱ्यानं भरलेला, तिचे केस पिवळे झाले. ती रडत होती. मी रडत नव्हतो. बरं, रडत होतो.

२९ डिसेंबर, सोमवार

घरी पोचलो. खवा आणायचा राहिला. महादेवीनं खव्याचं विचारलंसुद्धा नाही. तिनं नळदुर्गहून आधीच मागवून ठेवला होता. योगायोग म्हणायचा.

तबस्सुमनं माझ्या गाण्याचा व्हिडिओ काढला आहे. उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत फिरतोय म्हणे. बघताना लोक पोट धरून हसतात. आनंद असाच पसरत असतो.

४ जानेवारी, रविवार

पौर्णिमेची यात्रा आटोपून देव नळदुर्गहून अणदूरला आला. स्वागताला अख्खा गाव लोटला होता. भूमच्या पराक्रमानंतर आज तरी शंभू मला टाळ देईल, असं वाटलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि प्रसादाचं ताट दिलं, या वेळी मोठं. पिकतं तिथं विकत नाही.

पण मुख्य गोष्ट त्याच्या आधी, पहाटेच घडली.

चहा पिताना महादेवीनं विचारलं, नव्या पोरींना खांबावर सूर मारायला कितव्या वर्षी शिकवावं? मी सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या बशीखालून डोकावणारा कागद दिसला. ओढून घेतला. प्रश्न त्यावर लिहिलेला होता. अक्षर माझ्या ओळखीचं; 'ख' असा पसरट काढते म्हणून पाचवीत मी सोनीला दहा वेळा पाटी पुसायला लावली होती.

मी महादेवीकडं पाहिलं. ती चहात बघत होती. मग म्हणाली, "पहिल्या दिवसापासून रोज येती ती. दाराबाहेरच थांबती. सर बोलावतील तवाच पायरी चढीन, म्हणती. पद बी दोनदा न्हाय म्हणली हुती. मीच म्हणलं, घे. सराचं शरीर आता थकलंय, डोकं न्हाय थकलं. ते मी पुरवती."

कमरेकडं बघायचं, कंबर खोटं बोलत नाही. भुवनेश्वरीला चिडवायचं. म्हणजे महिनाभर मी रोज पहाटे संघाला शिकवत होतो आणि मलाच ठाऊक नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी तो शोधला, छातीत, पोटात, नेहमीच्या सगळ्या जागी. सापडला नाही. त्याऐवजी हसू आलं, आणि फुटका आवाज असल्यामुळं ते कोंबड्यासारखं आलं.

मी म्हणालो, या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, एका चहात मावायचं नाही. उठलो, बूट घातले. कुठं निघालात, असं तिनं विचारलं.

"दळण आणायला."

दार उघडलं तर सोनी पायरीखाली उभी, हातात शिट्टी, केसांच्या मुळाशी अजून थोडी हळद. मला बघून तिनं मान खाली घातली. मी म्हणालो, चल, सहा वाजत आले, पोरी वाट बघतात.

पीठ सरलेलं आहे, हे महादेवी मागून ओरडून सांगत होती, आणि डबा घरातच राहिलाय, हेही. आम्ही दोघंही वळलो नाही.